आपले चिंतामणराव

बालमित्रांनो आणि पालकहो, मी आज तुम्हाला चिंतामणराव देशमुखांची माहिती सांगणार आहे. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. रोह्याचं कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे.

१९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली! मग ते बोटीने विलायतेला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून १९१७ साली ते पदवीधर झाले. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला नंबर!

परदेशी शिकायला पैसा फार लागतो. हुशारी आहे पण पैसा नाही, तर काय करायचं? त्याच काळात, १९१३ साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकू शकले.

चिंतामणराव १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. पण मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी उच्च शिक्षणासाठी काम केले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वारले.

मी यंदा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार आहे. तुम्हीही बसा. पालकहो, मुलाचा फॉर्म भराल तसा मुलीचाही भरा. शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे, ती अभ्यासाची कमाई आहे.

अशा या थोर पुरुषास माझे शतशः प्रणाम!