श्रीसंत गाडगेबाबा व विद्येचे मोल

वऱ्हाडातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुळात जन्मलेल्या डेबूजी जाणोरकरांस शाळा लाभली नाही. मामांकडे गुरे राखण्यात बालपण सरले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. दिवसा खराट्याने गाव झाडावे, रात्री कीर्तनात प्रश्नामागून प्रश्न विचारून श्रोत्यांस विचारास लावावे, हा त्यांचा क्रम. ताट मोडून हातावर भाकरी खावी, परंतु मुलांस शिकवावे, हा त्यांचा आग्रह. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. २० डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

आज आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्यास याच निरक्षर संताचे नाव आहे. खराटा धरण्यास जो पदवीधर लाजेल, त्याची विद्या अपुरीच, एवढेच आम्ही समाजबांधवांस सांगू इच्छितो.