दारापुढचा वाफा

मुलांनो, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव तुम्ही कदाचित ऐकले असेल. भुईमुगाच्या शेंगांपासून नाना वस्तू तयार करणारा अमेरिकेचा शास्त्रज्ञ म्हणून ते जगभर प्रसिद्ध आहेत. या पाठात मात्र आपण त्यांच्या दुसऱ्या एका कामाची ओळख करून घेणार आहोत. गरीब शेतकऱ्याच्या झोपडीपुढे भाजीचा वाफा असावा, यासाठी त्यांनी आयुष्यभर मेहनत घेतली. एवढ्याशा वाफ्याला त्यांनी इतके महत्त्व का दिले, हे आता पाहू.

कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, डायमंड या गावाजवळ सुमारे 1864 साली झाला. त्यांची नक्की जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, कारण गुलामांच्या मुलांची नोंद कोण ठेवणार? त्यांची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याची गुलाम होती. जॉर्ज तान्हा असताना लुटारूंनी रात्री हल्ला केला आणि मायलेकरांना पळवून नेले. मालकाने शोधासाठी माणूस पाठवला. त्याला बाळ सापडले. आई पुन्हा कधीच दिसली नाही. बाळ परत आणल्याबद्दल त्या माणसाला एक घोडा देण्यात आला.

1865 साली गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्यांची पत्नी सुसान यांनी जॉर्जला व त्याच्या भावाला आपल्याच घरी वाढवले. जॉर्ज लहानपणी फार अशक्त होता. शेतातली जड कामे त्याला जमत नसत. म्हणून तो घरात स्वयंपाक, धुणे, शिवण अशी कामे शिकला. उरलेला वेळ तो रानात घालवी. घरापासून थोड्या अंतरावर झुडपांच्या आड त्याने एक छोटीशी बाग केली होती. फुलझाडांत वेळ घालवणे लोकांना वेडेपणाचे वाटे, म्हणून ही बाग त्याने लपवून ठेवली होती. पण त्याच्या हातात जादू आहे, हे हळूहळू सर्वांना कळले. रोप सुकले, पानांना कीड लागली की शेजारीपाजारी त्याला बोलावू लागले. तो आसपासच्या लोकांचा झाडांचा डॉक्टरच झाला.

जॉर्जला शिकायचे होते. पण गोऱ्यांच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून लहान वयातच तो एकटा निओशो या गावी गेला. तिथे काळ्या मुलांची एक शाळा होती. मराया वॉटकिन्स नावाच्या एका प्रेमळ बाईने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. घरकाम करायचे आणि शाळेत जायचे, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. पुढे कॅन्सस राज्यात लोकांचे कपडे धुऊन त्याने शिक्षण चालू ठेवले. एका कॉलेजने त्याला पत्राने प्रवेश कळवला. पण तो दारात उभा राहताच, त्याचा रंग पाहून त्याला परत पाठवले. अशा वेळी दुसरा कुणी खचून गेला असता. जॉर्जने पुन्हा कपडे धुतले, पुन्हा पैसे जमवले आणि 1890 साली आयोवा राज्यातल्या सिम्प्सन कॉलेजात नाव घातले. तिथून तो एम्स येथील शेतकी कॉलेजात गेला. 1894 साली पदवी आणि 1896 साली त्यापुढची पदवी त्याने मिळवली. त्या कॉलेजचा तो पहिला काळा विद्यार्थी होता आणि पहिला काळा शिक्षकही.

एम्समध्ये कार्व्हर यांना मान होता, चांगली नोकरी होती. पण 1896 साली त्यांना एक बोलावणे आले. दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी काळ्या मुलामुलींसाठी संस्था काढली होती. वॉशिंग्टन हेसुद्धा जन्माने गुलामच. तिथे शेतीविभाग सांभाळायला माणूस हवा होता. कार्व्हर निघाले.

टस्कीगीला पोहोचल्यावर त्यांना काय दिसले? पावसाने माती वाहून गेलेली, जागोजागी घळी पडलेली. प्रयोगशाळेसाठी सामानही नव्हते. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उकिरड्यावरून रिकाम्या बाटल्या आणि जुनी भांडी गोळा केली आणि त्यांतूनच उपकरणे बनवली.

पण त्याहून वाईट अवस्था गावागावांतल्या शेतकऱ्यांची होती. गुलामगिरी संपून तीस वर्षे झाली होती, तरी बहुतेक काळे शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबत होते. मालकाला आणि सावकाराला फक्त कापूस हवा असे. त्यामुळे कापूस थेट झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत लावलेला असे. भाजीला जागाच नव्हती! वर्षभराचे खाणे दुकानातून उधारीवर आणायचे आणि कापूस निघाला की उधारी फेडायची. ती पुरती फिटत नसे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खाण्यात काय, तर मक्याचे पीठ, चरबीचे मांस आणि काकवी. ताज्या भाजीपाल्याचे नाव नाही. अशा एकसुरी आहाराने पेलाग्रा नावाचा रोग दक्षिणेत पसरला. अंगावर चट्टे उठत, पोट बिघडे, माणसे भ्रमिष्ट होत आणि काही दगावत. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग होतो, हे आज आपल्याला माहीत आहे.

म्हणजे पाहा, कायद्याने सुटलेला माणूस कापसाने आणि कर्जाने पुन्हा बांधला गेला होता. ही गाठ कुठून सोडवायची? कार्व्हर यांनी सुरुवात मातीपासून केली. कापसाने थकलेल्या जमिनीत त्यांनी चवळी पेरली. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. विकतचे खत गरिबाला परवडत नाही, म्हणून त्यांनी रानातला पालापाचोळा, दलदलीतला गाळ आणि घरातला ओला कचरा कुजवून खत केले. फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून पीक काढून दाखवायचे, हा त्यांचा नियम होता.

मग ते झोपडीच्या दाराशी आले. दारापुढच्या कापसाच्या दोन ओळी कमी करा आणि तिथे भाजी लावा, असे ते लोकांना सांगत. अलाबामात हिवाळा फारसा कडक नसतो. त्यामुळे जवळजवळ बारा महिने वाफ्यात काही ना काही उभे राहू शकते. थंडी सरता सरता कांदा, कोबी आणि वाटाणा. वसंतात टोमॅटो, घेवडा आणि भेंडी. पुढे रताळ्याचे वेल आणि चवळी. उन्हाळा उतरला की सलगम आणि मोहरीची भाजी. शरदात रताळी काढून त्यांचे ढीग करायचे, वर पाइनची वाळलेली पाने आणि माती घालायची, म्हणजे ती हिवाळाभर टिकतात. जास्तीची भाजी वाळवून किंवा बरणीत भरून ठेवायची. मोसम कोणताही असो, चुलीवर काहीतरी घरचे शिजले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

हिशेबही ते साधाच सांगत. कामाच्या प्रत्येक दिवशी पाच सेंट वाचवले, तर वर्षाला पंधरा डॉलरांहून थोडे जास्त जमतात. त्या काळी तेवढ्यात तीन एकर जमीन मिळू शकत होती. दुकानातली उधारी कमी झाली, तरच हे पाच सेंट वाचणार होते. आता तुमच्या लक्षात आले ना, की भाजीचा वाफा हा स्वतःच्या जमिनीकडे जाणारा रस्ता होता?

ज्यांना शाळा माहीत नव्हती, त्यांच्याकडे शाळाच घेऊन जायची असे टस्कीगीच्या मंडळींनी ठरवले. 1906 साली खेचरांची एक गाडी तयार झाली. तिच्यात अवजारे, बियाणे आणि खतांचे नमुने असत. ही गाडी गावोगाव फिरे, आणि शेतकऱ्यांना त्यांच्याच बांधावर सर्व करून दाखवले जाई. कार्व्हर यांनी सोप्या भाषेत अनेक पुस्तिकाही लिहिल्या. 1910 सालची एक पुस्तिका खेड्यांतल्या शाळांच्या बागांविषयी आहे. 1918 सालची पुस्तिका टोमॅटो कसा लावावा ते सांगते आणि तो खाण्याच्या 115 तऱ्हाही देते.

सगळ्यांनाच याचा लाभ झाला असे मात्र नाही. कित्येक मालकांनी कापसाशिवाय दुसरे काही लावू दिले नाही. हजारो कुटुंबे शेवटी गाव सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेली. पण जिथे वाफा झाला, तिथे मुलांच्या ताटात हिरवी भाजी आली.

पुढे कार्व्हर यांची कीर्ती वाढली. 1921 साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे भुईमुगाविषयी बोलायला त्यांना दहा मिनिटे दिली होती. पण ऐकणारे इतके रंगून गेले की वेळ वाढवावा लागला. शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधले असे पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. भुईमुगाचे सुमारे तीनशे उपयोग त्यांनी सुचवले, पण त्यांतले बरेचसे बाजारात आलेच नाहीत. त्यांचा खरा मोठेपणा शेतकऱ्याच्या गरजेतून शास्त्राकडे पाहण्यात होता.

1942 साली दुसरे महायुद्ध चालू होते. अन्न वाचवण्यासाठी अमेरिकेत घरांची अंगणे, शाळांची आवारे आणि शहरांतल्या मोकळ्या जागा यांवर लोक मिळून भाजी पिकवू लागले. वृद्ध कार्व्हर यांनी त्याच साली रानभाज्यांवर एक पुस्तिका लिहिली. चाकवतासारखी आपोआप उगवणारी भाजी तण म्हणून फेकू नका, ती ओळखा आणि शिजवा, असे त्यांनी तीत समजावले. 5 जानेवारी 1943 रोजी टस्कीगी येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची शिल्लक, सुमारे साठ हजार डॉलर, त्यांनी संशोधनाच्या कामासाठी देऊन टाकली.

मुलांनो, वीणा गवाणकर यांनी 1981 साली ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक मराठीत लिहिले. ते वाचनालयातून मिळवून जरूर वाचा. आणि शाळेच्या आवारात चार हात मोकळी जागा असेल, तर वर्गाने मिळून तिथे एक वाफा करा. पाणी घालण्याच्या पाळ्या लावून घ्या. पहिली मेथी उगवेल, तेव्हा झुडपांआड बाग लपवणारा तो मुलगा तुम्हाला नक्की आठवेल.

स्वाध्याय

1. जॉर्जने आपली बाग लपवून का ठेवली होती?
2. कापूस झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत लावल्यामुळे शेतकऱ्यांचे कोणते नुकसान होत असे?
3. चवळी पेरल्याने जमिनीचा कस कसा वाढतो?
4. ‘भाजीचा वाफा हा स्वतःच्या जमिनीकडे जाणारा रस्ता होता,’ हे विधान पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
5. तुमच्या घरी कोणत्या मोसमात कोणत्या भाज्या शिजतात, त्यांची यादी आईला किंवा आजीला विचारून तयार करा.