कुंपणाचा पहारेकरी

शिकागोचा कुप्रसिद्ध टोळीप्रमुख अल कपोन याला गजाआड कोणी केले, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांच्या ओठांवर इलियट नेस हे नाव येते. १९८७ च्या 'द अनटचेबल्स' या चित्रपटाने ते आपल्याकडच्या प्रेक्षकांपर्यंतही पोचवले. नेस यांनी कपोनचे दारूचे कारखाने फोडले हे खरेच. परंतु ज्या आरोपांवरून कपोनला शिक्षा झाली, त्या आरोपांशी त्या धाडींचा फारसा संबंध नव्हता. ते काम अमेरिकेच्या अर्थखात्यातील एका अबोल अधिकाऱ्याच्या हाताखालच्या माणसांनी, कुऱ्हाडी न चालवता, केवळ हिशेबाच्या वह्या चाळून केले होते. एल्मर लिंकन आयरी हे त्या अधिकाऱ्याचे नाव. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकी वृत्तपत्रांच्या वाचकांना ते चांगलेच परिचयाचे होते. पुढे ते मागे पडले. त्याहूनही मागे पडली ती एक गोष्ट : आयरी यांचे कार्यालय गुंडांना पकडण्यासाठी मुळी उघडलेलेच नव्हते. ते उघडले होते स्वतःच्या खात्यातील चोर पकडण्यासाठी.

आयरी यांचा जन्म १८८८ चा, मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीचा. बालपणीच कुटुंब राजधानी वॉशिंग्टनला आले. लघुलेखन शिकून १९०७ मध्ये ते टपाल खात्यात चिकटले आणि तेथेच पुढे निरीक्षकपदापर्यंत पोचले. टपाल निरीक्षक हा त्या काळी अमेरिकेतील अत्यंत दबदब्याचा तपास अधिकारी. टपालातून होणारी फसवणूक, मनिऑर्डरींची अफरातफर आणि मुख्य म्हणजे टपाल कर्मचाऱ्यांचेच हात कोठे ओले होतात, हे शोधणे हे त्याचे काम. गुन्हेगाराच्या मागे धावण्यापेक्षा त्याच्या कागदांच्या मागे जाण्याची सवय आयरी यांना येथे लागली.

प्राप्तिकर अमेरिकेत १९१३ मध्ये कायमचा आला आणि पहिल्या महायुद्धाने त्याचे दर आकाशाला नेऊन भिडवले. १९१८ मध्ये सर्वोच्च दर ७७ टक्के होता. कर वाढला की कर बुडवण्याची बक्षिसी वाढते, आणि ती बक्षिसी कर गोळा करणाऱ्याच्या टेबलावरूनच वाटली जाते. अंतर्गत महसूल विभागात कर्मचाऱ्यांची भरती घाईघाईने झाली होती आणि लाचखोरीच्या तक्रारी वरपर्यंत येऊ लागल्या होत्या. विभागाचे आयुक्त डॅनियल रोपर हे पूर्वी टपाल खात्यात मोठ्या पदावर होते. तेथील निरीक्षकांची कीर्ती त्यांना ठाऊक होती. १ जुलै १९१९ रोजी त्यांनी सहा टपाल निरीक्षक मागून घेतले आणि एक छोटे तपास पथक उभारले. इंटेलिजन्स युनिट असे त्याचे नाव. प्रमुखपद मिळाले एकतीस वर्षांच्या आयरी यांना. करचुकव्यांचा शोध हे काम तर होतेच. पण खात्यातील अप्रामाणिक नोकरांना हुडकून काढणे हे त्याच्या जन्माचे मुख्य कारण होते. आपल्याकडे १९४१ मध्ये युद्ध व पुरवठा खात्यातील लाचखोरीच्या चौकशीसाठी जी विशेष पोलिस यंत्रणा नेमली गेली आणि जिच्यातून १९६३ मध्ये सीबीआय जन्माला आली, तिची कुळकथाही याच जातीची आहे.

अशा नोकरीत मित्र मिळत नाहीत. ज्यांच्याबरोबर जेवायचे त्यांचीच बँक खाती तपासायची, आणि निर्दोष ठरलेल्या माणसाच्या मनातही कायमची अढी ठेवून परतायचे, असे ते काम. आयरी यांच्या पथकाच्या नशिबी तर लवकरच याहून कठीण काळ आला. १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली आणि तिच्या अंमलबजावणीचे लटांबर याच महसूल विभागाच्या गळ्यात पडले. दारूबंदीचे शिपाई नागरी सेवेच्या परीक्षेतून येत नसत. ते राजकारण्यांच्या शिफारशीने येत. पगार जेमतेम, आणि समोर दारूवाल्यांच्या नोटांची पुडकी. पहिल्या सहा वर्षांत दर बारा शिपायांमागे साधारण एकाला गैरवर्तनाबद्दल घरी पाठवावे लागले. हे जे पकडले गेले, त्यांतील अनेकांच्या मागावर आयरी यांचीच माणसे होती. एकाच इमारतीत बसून सहकाऱ्यांना हातकड्या घालण्याचा हा उद्योग वर्षानुवर्षे चालला. नेस आणि त्यांचे लाच न घेणारे शिलेदार यांचे एवढे कौतुक का झाले, याचे उत्तर या पार्श्वभूमीत आहे.

पथक मात्र स्वच्छ राहिले, आणि त्याची खरी ताकद तीच ठरली.

१९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलिव्हन नावाच्या दारूविक्रेत्याच्या खटल्यात एक साधा पण दूरगामी निर्णय दिला. बेकायदा धंद्याच्या उत्पन्नावरही कर लागतो आणि गुन्हा उघड होईल या सबबीखाली विवरणपत्र भरणे टाळता येत नाही, असा त्याचा आशय. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये याची दुसरी बाजू दाखवली : एका तस्कराच्या उत्पन्नावर कर लावायचा, तर त्याची जप्त झालेली रक्कम धंद्यातील तोटा म्हणून वजाही करून द्यावी लागेल, असे ठरवले. करकायद्याची स्थितप्रज्ञता दोन्हीकडे सारखीच.) खून, खंडणी, दारू यांपैकी काहीच कपोनवर सिद्ध होत नव्हते, कारण साक्षीदार बोलत नव्हते किंवा जिवंत राहत नव्हते. आता त्याचे उत्पन्न सिद्ध केले की पुरे होते.

१९२९ मध्ये सत्तेवर आलेल्या अध्यक्ष हूवर यांनी कपोनचा बंदोबस्त करण्याचा धोशा अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्यामागे लावला आणि मेलन यांनी तो आयरी यांच्याकडे सोपवला. कपोनचे बँकेत खाते नव्हते, कोणत्याही कागदावर सही नव्हती, मालमत्ता त्याच्या नावावर नव्हती. आयरी यांनी फ्रँक विल्सन या चिवट अधिकाऱ्याला शिकागोला पाठवले आणि मायकेल मलोन या दुसऱ्या अधिकाऱ्याला फिलाडेल्फियाचा फरारी गुंड बनवून कपोनच्या मुक्कामाच्या लेक्सिंग्टन हॉटेलातच उतरवले. मलोन महिनोन्‌महिने कपोनच्या माणसांबरोबर पत्ते खेळत कान देऊन बसला होता. वेष पुसट झाला असता तर त्याचे प्रेतही सापडले नसते.

विल्सन यांच्या हाती अखेर जे लागले ते एका जुन्या कपाटातील बासन होते. १९२६ मध्ये सिसेरो येथील एका जुगारअड्ड्यावर पडलेल्या छाप्यात जप्त झालेल्या वह्या कोणी न उघडता चार वर्षे धूळ खात पडल्या होत्या. त्यांत अड्ड्याच्या नफ्याची वाटणी लिहिलेली होती. आता प्रश्न हस्ताक्षराचा. बँकांतील भरणापावत्यांशी अक्षर ताडून पाहता पाहता ते लेस्ली शमवे या हिशेबनिसाचे असल्याचे निघाले. तो मायामीत सापडला. अड्ड्याचा रोखपाल फ्रेड रीस यालाही गाठण्यात आले आणि साक्षीपर्यंत जिवंत राहावा म्हणून दक्षिण अमेरिकेत धाडण्यात आले. त्यातच कपोनच्या वकिलाने तडजोडीच्या आशेने आपल्या अशिलाच्या उत्पन्नाचा अंदाज लेखी कळवून सरकारच्या हाती एक कोलीत दिले होते.

खटला ऑक्टोबर १९३१ मध्ये उभा राहिला. ज्युरीच्या यादीतील माणसे टोळीने आधीच फोडली आहेत, ही खबर वेळेत मिळाली आणि न्यायाधीश विल्करसन यांनी ऐनवेळी संपूर्ण यादीच दुसऱ्या न्यायालयाच्या यादीशी बदलून टाकली. १७ ऑक्टोबरला कपोन पाच कलमांवर दोषी ठरला. एका आठवड्याने अकरा वर्षे कैद आणि पन्नास हजार डॉलर दंड. या एका निकालाने आयरी यांचे नाव देशभर झाले. मात्र छायाचित्रकारांना बोलावून घेण्याची कला त्यांना कधी साधली नाही. ती फेडरल ब्युरोचे जे. एडगर हूवर यांना अधिक अवगत होती.

लिंडबर्ग प्रकरणात त्यांनी दिलेला सल्ला तर गुन्हेतपासाच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा. विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल १ मार्च १९३२ रोजी पळवले गेले. खंडणीच्या नोटांचे क्रमांक टिपू नयेत, अपहरणकर्ते बिथरतील, असे लिंडबर्ग यांना वाटत होते. आयरी यांनी हट्ट धरला की क्रमांक टिपलेच पाहिजेत, आणि रक्कम शक्य तितकी सुवर्णप्रमाणपत्रांच्या नोटांत द्यावी. मूल वाचले नाही. पण पुढच्याच वर्षी सरकारने सुवर्णनोटा चलनातून काढून घेतल्या आणि त्या वापरणारा माणूस उठून दिसू लागला. सप्टेंबर १९३४ मध्ये दहा डॉलरची अशी नोट पाहून पेट्रोल पंपावरच्या नोकराने तिच्यावर मोटारीचा क्रमांक लिहून ठेवला आणि ब्रूनो हाउप्टमन पकडला गेला. त्याच्या खटल्याबद्दल वाद आजही आहेत, नोटांबद्दल नाही.

येथवरची कथा यशाची. परंतु करतपासाचे हत्यार जितके धारदार तितका ते चालवण्याचा मोह राज्यकर्त्यांना अधिक. १९३३ मध्ये सरकार बदलले, रूझवेल्ट आले, आणि आयरी यांच्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या फाइलींवर राजकारणाची छाया पडू लागली. लुइझियानाचे सर्वेसर्वा आणि रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी ह्यूई लाँग यांच्या टोळक्याचा तपास नेटाने चालला. १९३५ मध्ये लाँग यांची हत्या झाली, आणि पुढच्याच वर्षी, राजकीय वारे फिरल्यावर, त्यांच्या साथीदारांवरील करविषयक खटले मागे घेण्यात आले. वर्षानुवर्षांची मेहनत कोणा दुसऱ्याच्या सोयीने कपाटात गेली.

सर्वांत अवघड प्रसंग मेलन यांचा. ज्यांनी आयरी यांना कपोनच्या मागे सोडले तेच माजी अर्थमंत्री आता नव्या सरकारच्या रोषाला पात्र ठरले होते. आधीच्या एका तपासावर आधारलेला फौजदारी आरोप पिट्सबर्गच्या ग्रँड ज्युरीने १९३४ मध्ये फेटाळला. मग नव्या तपासाचा हुकूम आयरी यांना आला. त्यांची इच्छा नव्हती; मेलन यांच्याविषयी त्यांना आदर होता, आणि ज्युरीने नाकारलेले प्रकरण पुन्हा उकरावे हेही त्यांना पटत नव्हते. अर्थमंत्री मॉर्गेनथाउ यांनी आज्ञा केली आणि आयरी यांनी ती पाळली. करविषयक लवादाचा निकाल डिसेंबर १९३७ मध्ये लागला : काही कर देणे निघाले, पण फसवणूक झालेली नाही. मेलन त्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, वारले होते. आयरी यांनी राजीनामा द्यायला हवा होता का? प्रस्तुत लेखकाला वाटते की त्यांची जागा घेणारा माणूस फसवणूक नसताना ती सापडल्याचेही दाखवू शकला असता. हा आज्ञाधारकपणाचा बचाव म्हणून दुबळा आहे, हेही मान्य केले पाहिजे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काही टाकायला हवे. १९३९ मध्ये कॅन्सस सिटीचे, म्हणजे आयरी यांच्याच जन्मगावाचे, राजकीय धनी टॉम पेंडरगास्ट हे करचुकवेगिरीत गुन्हा कबूल करून तुरुंगात गेले. ते रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे, आणि पुढे अध्यक्ष झालेल्या ट्रुमन यांचे आश्रयदाते. विरोधी बाजूचे वृत्तपत्र-मालक मोझेस ॲनेनबर्ग यांना १९४० मध्ये शिक्षा झाली, तर अटलांटिक सिटीचे नकी जॉन्सन १९४१ मध्ये दोषी ठरले. १९३७ पासून आयरी अर्थखात्याच्या साऱ्या तपास यंत्रणांचे मुख्य समन्वयक होते. या यंत्रणांच्या माणसांना वृत्तपत्रे टी-मेन म्हणू लागली होती. १९४६ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी आलेल्या 'टी-मेन' या चित्रपटाच्या आरंभी ते स्वतः पडद्यावर दिसतात : टेबलामागे बसलेला एक साधा सरकारी माणूस. १९ जुलै १९४८ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर जे घडले ते पाहायला ते नव्हते, हे त्यांचे भाग्यच म्हणायचे. १९५१ मध्ये काँग्रेसच्या एका समितीने महसूल विभागाची झडती सुरू केली आणि कुंपणानेच शेत खाल्ल्याचे उघडकीला आले. ठिकठिकाणचे करसंग्राहक एकामागून एक पायउतार झाले. १९४४ ते १९४७ या काळात विभागाचे आयुक्त असलेले जोसेफ नुनान हे १९५४ मध्ये स्वतः करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरले. म्हणजे आयरी यांच्या नोकरीची अखेरची दोन वर्षे त्यांच्या जुन्या विभागाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेला माणूसच या पंक्तीत होता. बाहेरच्या गुंडांची यादी लांबत गेली तशी घरातली पाळत सैल झाली होती. ज्या कामासाठी सहा टपाल निरीक्षक मागवले गेले होते, ते काम नामांकित खटल्यांच्या गर्दीत कोपऱ्यात सरकले होते.

१९५२ मध्ये विभागाची फेररचना झाली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या चौकशीचे काम आयरी यांच्या पथकाकडे न ठेवता एका वेगळ्या निरीक्षण शाखेकडे देण्यात आले. पथकाचे नाव १९७८ मध्ये बदलून क्रिमिनल इन्व्हेस्टिगेशन झाले. ते करचुकव्यांच्या मागे राहिले. निरीक्षण शाखेची जागा १९९९ मध्ये एका स्वतंत्र महानिरीक्षकाच्या कार्यालयाने घेतली. ते करविभागाच्या आयुक्तांच्या हाताखाली नाही.