रिकाम्या हाताचे उस्ताद

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचे बेट आहे. पूर्वी तेथे र्‍युक्यू नावाचे राज्य होते आणि शुरी ही त्याची राजधानी होती. कराटे ही विद्या याच बेटावर वाढली. शुरीत १८६८ साली गिचिन फुनाकोशी यांचा जन्म झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेले हे मूल फार अशक्त होते. ते जास्त दिवस जगेल असे कोणालाच वाटत नव्हते. आजी-आजोबांनी त्याला जपले, वाढवले.

शाळेत गिचिनच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील अंको आझातो हे कराटेचे नामांकित उस्ताद. त्या काळी ही विद्या उघडपणे शिकवत नसत. म्हणून गिचिन रात्री कंदील घेऊन आझातोंच्या घरी जाई. उस्ताद ओसरीवर बसून पाहत आणि शागीर्द अंगणात सराव करी. कराटेत हालचालींची एक ठरावीक मालिका असते. तिला ‘काता’ म्हणतात. एकच काता महिनोन्‌महिने करावी लागे. ती उस्तादांच्या मनासारखी झाल्याशिवाय पुढची मिळत नसे. शाबासकी तर क्वचितच! पहाटे घरी परतणाऱ्या या मुलाकडे शेजारी संशयाने पाहत. त्याची प्रकृती मात्र हळूहळू सुधारली.

पुढे ते आझातोंचे मित्र अंको इतोसू यांच्याकडेही शिकले. दोन्ही उस्तादांचे नाव अंकोच! या दोघांचे गुरू सोकोन मात्सुमुरा र्‍युक्यूच्या राजाच्या पदरी होते. गुरूकडून शिष्याकडे अशी ही विद्या फुनाकोशींपर्यंत आली.

फुनाकोशींना डॉक्टर व्हायचे होते. टोकियोतील वैद्यकीय शाळेची प्रवेश परीक्षा ते पास झाले. पण अडचण आली ती केसांची. जुन्या घराण्यांतील पुरुष डोक्यावर केसांची गाठ बांधत. ती इज्जतीची खूण मानली जाई. नव्या सरकारला ही प्रथा नको होती आणि गाठ असलेल्याला त्या शाळेत प्रवेश नव्हता. घरचे लोक गाठ कापू देईनात. डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. १८८८ मध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा त्यांनी ती गाठ अखेर कापलीच. आईवडील फार संतापले. फुनाकोशींनी मात्र पुढे तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकवले.

१९२२ साली टोकियोत शारीरिक शिक्षणाचे प्रदर्शन भरले. तेथे कराटे दाखवण्यासाठी फुनाकोशींना पाठवण्यात आले. ते थोड्याच दिवसांत परतणार होते. परंतु ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना थांबवून घेतले. पत्नी ओकिनावातच राहिली. वय पन्नाशीच्या पुढे आणि खिसा रिकामा! ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ते राहू लागले. दिवसा तेथील झाडलोट करायची, बाग राखायची आणि मोकळ्या वेळी कराटे शिकवायचे. एकदा एक वार्ताहर कराटेच्या उस्तादांना भेटायला आला. अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने उस्तादांचा पत्ता विचारला. म्हातारा त्याला थांबायला सांगून आत गेला आणि चांगले कपडे घालून बाहेर आला. तो उस्ताद हाच, हे कळल्यावर वार्ताहर थक्क झाला.

आता नावाची गोष्ट ऐका. ‘कराटे’ या शब्दाचा पहिला भाग पूर्वी ‘चीन’ या अर्थाच्या चिन्हाने लिहीत. फुनाकोशींनी त्याच उच्चाराचे दुसरे चिन्ह घेतले. त्याचा अर्थ ‘रिकामा’. उर्दूत सीन, साद आणि से यांचा उच्चार एकच, पण अक्षर बदलले की शब्द बदलतो, तसेच हे. ओकिनावाच्या अनेक जाणत्यांना हा बदल आवडला नाही. फुनाकोशींच्या मते रिकामा हात म्हणजे शस्त्र नसलेला हात, आणि त्यासोबत स्वार्थाने रिकामे झालेले मनही. अदबीशिवाय कराटे नाही आणि पहिला वार आपण करायचा नाही, असे ते शिष्यांना बजावत. त्यांना स्पर्धाही पसंत नव्हत्या.

‘शोतो’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. पाइनच्या झाडांतून वारा वाहताना लाटांसारखा आवाज होतो, तोच या नावाचा अर्थ. शिष्यांनी पैसे जमवून त्यांच्यासाठी तालीमघर बांधले आणि त्याला ‘शोतोकान’, म्हणजे शोतोंचे घर, असे नाव दिले. १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात ते नष्ट झाले. त्याच वर्षी कराटे शिकवणारा त्यांचा मुलगा क्षयाने वारला. १९४७ मध्ये पत्नीही गेली.

त्या उपासमारीच्या दिवसांत एका रात्री एका चोराने त्यांच्यावर छत्री उगारली. सुमारे ऐंशी वर्षांच्या फुनाकोशींनी वार चुकवला आणि त्याला जागीच पकडले. पण त्यांना आनंद झाला नाही. तो लढाईवरून परतलेला कोणी गरीब असावा, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

२६ एप्रिल १९५७ रोजी फुनाकोशींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांच्या संघटनेने कराटेची पहिली मोठी स्पर्धा घेतली! २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्येही कराटेच्या स्पर्धा झाल्या. पुरुषांच्या काता प्रकारात सुवर्णपदक मिळाले ते र्‍यो कियुना या खेळाडूला. तो ओकिनावाचा होता.