खचलेल्या सैन्याला उभे करणारी मुलगी : संत जोन ऑफ आर्क



३० मे हा संत जोन ऑफ आर्क हिचा सण. चिलखत घालून घोड्यावर बसलेली ही तरुणी आपण चित्रांत पाहिलेली असते. पण ती सैन्यात नेमके काय करत होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तिला युद्धशास्त्र कोणी शिकवले नव्हते. लिहितावाचता येत नव्हते. आपण एकाही माणसाला ठार मारले नाही, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. मग पराभवाची सवय लागलेल्या सैन्याला या मुलीने अवघ्या नऊ दिवसांत उभे केले ते कशाच्या बळावर?

जोनचा जन्म साधारण १४१२ साली फ्रान्समधील दोमरेमी या खेड्यात झाला. वडील शेतकरी. आई इझाबेल हिने तिला प्रार्थना शिकवल्या. तेवढेच तिचे शिक्षण. त्या काळी फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात दीर्घ युद्ध चालू होते. १४१५ साली आझँकूरच्या लढाईत फ्रान्सचे अनेक सरदार मारले गेले. १४२० च्या तहाने युवराज चार्ल्सचा गादीवरचा हक्कच काढून घेतला गेला. १४२८ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी ल्वार नदीवरील ओर्लेआँ शहराला वेढा घातला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वेढा घालणारे इंग्रज फार नव्हते. शहराभोवतीच्या लहान लहान गढ्यांत ते विखुरलेले होते. एप्रिल १४२९ मध्ये त्यांचे बर्गंडीचे सहकारीही निघून गेले. शहरात शिपाई होते, तोफा होत्या, अनुभवी सरदारही होते. नव्हते ते मनोधैर्य. १२ फेब्रुवारी १४२९ रोजी उपवासकाळासाठी खारे मासे घेऊन जाणाऱ्या इंग्रजांच्या रसदेवर फ्रेंचांनी हल्ला केला आणि तेथेही ते हरले. त्यानंतर काही सरदार आपली माणसे घेऊन शहर सोडून गेले. वरिष्ठच निघून जाताना दिसले, तर शिपायाने कोणाकडे पाहून लढावे?

अशा वेळी सतरा वर्षांची जोन युवराजापुढे उभी राहिली. स्वर्गीय वाणी आपल्याला पाठवत आहे, असे तिने सांगितले. धर्मपंडितांनी तिची कसून परीक्षा घेतली आणि मग तिला सैन्याबरोबर पाठवण्यात आले.

तिने पहिले काम केले ते छावणीत. शिपायांच्या मागे फिरणाऱ्या बाजारबसव्या स्त्रियांना तिने छावणीतून हाकलले. लुटालूट आणि शिवीगाळ यांना मनाई केली. धर्मगुरूंना एकत्र करून तिने सकाळ-संध्याकाळ पवित्र मरियेची गीते म्हणण्याचा प्रघात पाडला. ज्याने पापनिवेदन केले असेल त्या शिपायालाच त्यात सामील होता येई. ला हीर नावाचा सरदार तर शिव्याशापांसाठी प्रसिद्ध होता. जोनने त्याच्याशी तडजोड केली : अगदीच राहवले नाही, तर त्याने आपल्या काठीची शपथ घ्यावी! रांगड्या सरदाराने ते ऐकले. आम्हांला वाटते, या प्रसंगात तिची सारी रीत दिसते. नियम कडक होता, पण तो सरदार आणि शिपाई दोघांनाही सारखाच होता. आणि तो सांगणाऱ्या व्यक्तीला समोरच्याची कीव नव्हती, आपुलकी होती.

२९ एप्रिल १४२९ रोजी ती ओर्लेआँमध्ये शिरली. सरदारांना ती नको होती असे नाही. पण निर्णय घेताना तिला बाजूला ठेवणे त्यांना सोयीचे वाटे. ४ मे रोजी सेंट लूच्या गढीवर हल्ला सुरू झाला, तेव्हा तिला कोणी कळवलेही नव्हते. ती झोपेतून उठून घोडा दौडवत गेली. वाटेत जखमींना परत आणताना पाहून तिला गलबलून आले. गढी पडली, पण मेलेल्या इंग्रजांकडे पाहून, हे पापनिवेदनाविना गेले, म्हणून ती रडली. दुसरा दिवस प्रभूच्या स्वर्गारोहणाचा. त्या दिवशी तिने लढाई केली नाही.

खरी कसोटी ७ मे रोजी लागली. पुलाच्या टोकावरील तूरेल हा बुरूज घ्यायचा होता. आदल्या रात्री सरदारांनी ठरवले होते की, कुमक येईपर्यंत थांबावे. जोन थांबली नाही. शिडी लावण्यासाठी ती पुढे सरसावली आणि मान व खांदा यांच्यामध्ये तिला बाण लागला. वेदनेने ती रडली, जखम बांधून घेतली, पुन्हा रणांगणावर आली. दिवस कलला. थकलेल्या सरदारांनी माघारीचा विचार केला. जोनने त्यांना थोडे थांबण्याची विनंती केली. शिपायांनी जरा विसावा घ्यावा, खाऊन-पिऊन घ्यावे, असे सुचवले. स्वतः एका द्राक्षमळ्यात जाऊन काही मिनिटे प्रार्थना केली. मग परतून खंदकाच्या काठावर आपले निशाण घेऊन उभी राहिली. ते निशाण पाहून शिपाई तटाला भिडले आणि बुरूज पडला. तिला घाणेरड्या शिव्या देणारा इंग्रज सरदार ग्लासडेल नदीत बुडाला, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठीही ती रडली. ८ मे, रविवार. इंग्रज लढाईच्या पवित्र्यात उभे राहिले. जोनने हल्ला करू दिला नाही. मिस्सा अर्पण करवली. इंग्रज वेढा उठवून निघून गेले.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासला. धैर्य या सद्गुणाची मुख्य कृती हल्ला करणे ही नसून संकटात टिकून राहणे ही आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वाचताना ते कोरडे वाटले होते. खंदकाच्या काठावर जखमी उभी असलेली ही मुलगी डोळ्यांपुढे आणली की, त्याचा अर्थ कळतो. तिने शिपायांना पुढे ढकलले नाही. ती पुढे जाऊन उभी राहिली.

पुढे जून महिन्यात जार्झोच्या तटावर चढताना डोक्यावर दगड बसून ती खाली पडली आणि पुन्हा उठली. १८ जूनला पाते येथे मोठा विजय मिळाला. तेथे मरणाऱ्या एका इंग्रज कैद्याचे डोके हाती धरून तिने त्याला पापनिवेदन करायला लावले. १७ जुलै १४२९ रोजी रेंसच्या कॅथेड्रलमध्ये चार्ल्सचा राज्याभिषेक झाला.

त्यानंतर उतार लागला. ८ सप्टेंबर रोजी पॅरिसवरचा हल्ला फसला. जोनच्या मांडीला बाण लागला होता, तरी ती हटायला तयार नव्हती. राजाने मात्र माघार घ्यायला लावली आणि थोड्याच दिवसांत सैन्य पांगवले. २३ मे १४३० रोजी काँपिएन्य येथे माघार घेताना ती आपल्या माणसांच्या पिछाडीला राहिली. शहराचा पूल उचलला गेला आणि ती शत्रूच्या हाती सापडली. ज्या राजाला तिने मुकुट मिळवून दिला, त्याने तिला सोडवण्यासाठी काहीच केले नाही.

रूआँ येथे तिच्यावर खटला चालला. न्यायासनावर बिशप कोशों होते. आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट लपवता येत नाही, लपवूही नये : देवाच्या नावाने, इंग्रजांच्या सोयीचा निकाल दिला गेला. आगीच्या भीतीने जोनने एकदा माघारपत्रावर खूण केली. काही दिवसांतच ती पुन्हा आपल्या शब्दावर आली. ३० मे १४३१ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. वय सुमारे एकोणीस. एका इंग्रज शिपायाने काटक्यांचा छोटा क्रूस करून तिच्या हाती दिला. येशूचे नाव घेत तिने प्राण सोडला.

तिची आई स्वस्थ बसली नाही. १४५५ साली पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये इझाबेलने लेकीसाठी न्याय मागितला. शंभराहून अधिक साक्षी झाल्या. त्यांत तिच्याबरोबर लढलेले सरदार होते, तिची सेवा करणारा पोरगा होता. पंचवीस वर्षे लोटली तरी तिचे पापनिवेदन, तिचे रडणे, तिचे खंदकाच्या काठावर उभे राहणे ते विसरले नव्हते. ७ जुलै १४५६ रोजी जुना निकाल रद्द झाला. १९२० साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संत म्हणून घोषित केले.

बंधु-भगिनींनो, घरात, कचेरीत, शाळेत, धर्मग्रामाच्या मंडळात आपल्यापैकी अनेकांच्या हाताखाली माणसे असतात. ती ऐकत नाहीत, त्यांच्यात उत्साह उरला नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. आम्ही धर्मगुरूही करतो. अशा वेळी स्वतःला एवढेच विचारावे : आपण कोठे उभे आहोत? खंदकाच्या काठावर, की वेशीच्या आत?

संत जोन, आम्हांसाठी विनंती कर.