भास्कराचार्यांची गणितं उलगडून सांगणारे पाथरीचे सूर्यपंडित

गणिताचा पेपर चांगला जायचा असेल तर जुने पेपर सोडवावे लागतात, हे दहावी-बारावीच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. पण हातात नुसते प्रश्न आणि शेवटी छापलेली उत्तरं असली की गाडी अडते. उत्तर बरोबर आहे, पण आलं कसं?

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत जवळपास 500 वर्षांपूर्वी एका गणितज्ञाने नेमकं हेच सांगायचं काम हाती घेतलं. त्यांचं नाव सूर्यदास, म्हणजेच सूर्यपंडित.

पाथरी म्हटलं की अनेकांना साईबाबांच्या जन्मस्थानावरून 2020 मध्ये झालेला वाद आठवतो. जुन्या संस्कृत ग्रंथांमध्ये मात्र गोदावरीकाठच्या या भागातलं हे गाव पार्थपूर म्हणून येतं.

सूर्यदास यांचा जन्म साधारण 1508 चा. घरात गणित आणि ज्योतिषाची परंपरा होती. वडील ज्ञानराज यांनी 1503 मध्ये सिद्धान्तसुंदर हा खगोलशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला होता. भाऊ चिंतामणी यांनी पुढे त्याच ग्रंथावर टीका लिहिली. बाहेर मात्र धामधूम होती. सूर्यदास लहानाचे मोठे होत असताना पाथरीच्या ताब्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकांशी लढत होत्या.

तेव्हा गणित शिकायचं म्हणजे भास्कराचार्य वाचायचे. त्यांचे लीलावती आणि बीजगणित हे ग्रंथ 1150 च्या सुमाराचे. पण ते श्लोकांमध्ये आहेत. पाठ करायला सोपे, समजायला अवघड. नियम दोन ओळींत, उदाहरण दोन ओळींत, मधल्या पायऱ्या गायब. त्या सांगणारा कुणी नसेल, तर विद्यार्थ्याकडे नुसती घोकंपट्टी उरणार.

सूर्यदास यांनी 1538 मध्ये, वयाच्या तिशीत, बीजगणितावर सूर्यप्रकाश ही टीका लिहिली. तीन वर्षांनी, 1541 मध्ये, लीलावतीवर गणितामृतकूपिका लिहिली. इथे टीका म्हणजे नावं ठेवणं नाही. श्लोक फोडून अर्थ सांगणं, उदाहरण सोडवून दाखवणं आणि नियम का चालतो ते समजावणं, म्हणजे टीका.

याची गरज का पडते, ते लीलावतीतल्याच एका गणितावरून कळतं. शंकराच्या दहा हातांत दहा वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्या हातांमध्ये अदलाबदल केल्या तर किती वेगवेगळी रूपं होतील? उत्तर आहे 36,28,800. नुसता आकडा पाहून काहीच उमगत नाही. पण पहिल्या हातासाठी 10 पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले 9, तिसऱ्यासाठी 8, आणि या सगळ्यांचा गुणाकार, असं कुणी सांगितलं की डोक्यात प्रकाश पडतो. मग विष्णूच्या चार हातांचं उत्तर 24 कसं, हे विचारावं लागत नाही. आज अकरावीला परम्युटेशन म्हणून शिकवतात ते हेच.

सूर्यदास कवीही होते. सरळ वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची कथा सांगणाऱ्या राघवयादवीयम् या काव्याचे मेसेज तुम्हालाही आले असतील. ते काव्य 17व्या शतकातलं. सूर्यदास यांनी रामकृष्णविलोमकाव्य लिहून हीच करामत 16व्या शतकातच केली होती.

पण त्यांचं खरं मोल टीकांमध्ये आहे. 1817 मध्ये हेन्री कोलब्रूक यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केलं. अवघड श्लोकांचा अर्थ लावताना त्यांनी ज्या टीकांचा आधार घेतला, त्यात सूर्यदास यांच्या दोन्ही टीका होत्या. भास्कराचार्यांचं गणित युरोपला वाचता आलं, त्यात पाथरीत लिहिलेल्या पायऱ्यांचाही वाटा होता.