केली जॉन्सन आणि ऐकणारी विमानं

बॉईज हॉस्टेलमधल्या निम्म्या भिंतींवर एक पोस्टर असतंच म्हणतात. काळंकुट्ट, चपटं, बाणासारखं विमान. एसआर-७१ ब्लॅकबर्ड. त्याचा वेग मेकॅनिकलवाल्यांना पाठ असतो, माख ३ च्या वर! पण ते डिझाइन कोणी केलं विचारलं, की लॉकहीडने म्हणून सगळे मोकळे होतात. अहो, कंपनी कुठे डिझाइन करते? माणूस करतो. त्या माणसाचं नाव क्लॅरेन्स लिओनार्ड जॉन्सन, पण सगळं जग त्याला केली जॉन्सन म्हणूनच ओळखतं.

मी ई अँड टीसीची. त्यामुळे मला त्या वेगाचं तितकंसं कौतुक नाही. मला केलीत रस आला तो वेगळ्याच कारणाने. त्याच्या विमानांनी नुसते फोटो काढले नाहीत, तर ऐकलंसुद्धा. शत्रूचे रडार, शत्रूचं वायरलेसवरचं बोलणं, सगळं. आणि हे ऐकणं फार महागात पडलं, काही जणांना तर जीव देऊन.

केलीचा जन्म २७ फेब्रुवारी १९१० चा, अमेरिकेत मिशिगनमधल्या इश्पेमिंगचा. लोखंडाच्या खाणींचं गाव. आईवडील स्वीडनहून आलेले, वडील गवंडीकाम करायचे. नऊ भावंडांत हा सातवा, म्हणजे घरात पैशांची काय स्थिती असेल ते सांगायला नको. शाळेतली पोरं क्लॅरेन्सचं क्लारा करून चिडवायची. एकदा यानं चिडवणाऱ्याला पाय घालून असं पाडलं, की त्याचा पायच मोडला. त्यानंतर क्लारा बंद. त्या काळच्या एका आयरिश गाण्यातला केली याला चिकटला तो कायमचा. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असं काही झालं असतं तर नवीन नाव नाही, सरळ दाखला हातात मिळाला असता!)

बाराव्या वर्षीच यानं ठरवून टाकलं होतं की आपण विमानं बनवायची. मग भांडी घासत, पडेल ते काम करत मिशिगन युनिव्हर्सिटी गाठली. तिथली विंड टनेल रिकामी असेल तेव्हा मित्राबरोबर भाड्याने घ्यायची आणि मोटार कंपन्यांना मॉडेल टेस्ट करून द्यायच्या, असा चक्क धंदा यानं शिकता शिकता चालवला. आपल्याकडे लॅबची किल्ली मिळवायला किती सह्या लागतात ते आठवून बघा.

याच विंड टनेलमध्ये लॉकहीडच्या एका नव्या प्रवासी विमानाचं मॉडेल तपासायला आलं, मॉडेल १० इलेक्ट्रा. प्राध्यापकांनी रिपोर्ट दिला की ठीक आहे. केलीला ते काही पटलं नव्हतं. विमानाची शेपटी नीट दिशा धरत नव्हती. १९३३ मध्ये मास्टर्स करून हा लॉकहीडमध्येच लागला, महिना ८३ डॉलर पगारावर. आणि लागल्या लागल्या चीफ इंजिनिअर हॉल हिबर्डला सांगून मोकळा झाला की तुमचं हे विमान अस्थिर आहे. लहान तोंडी मोठा घास! कंपनी नुकतीच दिवाळखोरीतून उठलेली, सगळी आशा त्या एका विमानावर आणि हा २३ वर्षांचा पोरगा आपल्याच प्राध्यापकांचा रिपोर्ट खोटा ठरवतोय. हिबर्डच्या जागी दुसरा कोणी असता तर... असो. हिबर्डला राग आला, पण त्याने याला हाकललं नाही. मॉडेल देऊन परत मिशिगनला पाठवलं. ७२ वेळा टेस्ट करून केलीने उत्तर आणलं : मधली एकच मोठी शेपटी काढा आणि दोन टोकांना दोन उभ्या शेपट्या लावा. १९३४ मध्ये इलेक्ट्रा उडाली. पुढे हिबर्ड सांगायचा की या पोराला हवा डोळ्यांनी दिसते.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगते, कारण ती कुठेही वाचायला मिळतात. दुसऱ्या महायुद्धातलं दोन धडांचं पी-३८ लाइटनिंग त्याचं. १९४३ मध्ये जेट फायटर हवं म्हणून सरकारने घाई केली, तेव्हा थोडीशी माणसं घेऊन, तात्पुरत्या शेडमध्ये १४३ दिवसांत एक्सपी-८० बनवणारा तोच. ती टोळी म्हणजेच नंतर प्रसिद्ध झालेली स्कंक वर्क्स. माणसं कमी, मीटिंगा कमी, कागद कमी. पण जे महत्त्वाचं ते लिहून ठेवायचंच, असा त्याचा नियम.

माझ्या गोष्टीला महत्त्वाचं विमान मात्र दुसरं आहे, कॉन्स्टेलेशन. हिबर्ड आणि केलीच्या टीमने डिझाइन केलेलं, तीन शेपट्यांचं, माशासारख्या अंगाचं प्रवासी विमान. पहिलं उड्डाण ९ जानेवारी १९४३. आपल्या मुंबईशी याचं नातं आहे बरं का! एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन पहिली फेरी ८ जून १९४८ ला निघाली, ती मलबार प्रिन्सेस नावाच्या कॉन्स्टेलेशनने. लांब पल्ला आणि आत ऐसपैस जागा, म्हणून अमेरिकन नौदलाने आणि हवाई दलाने यात प्रवाशांऐवजी रडार, रिसीव्हर आणि हेडफोन लावलेली माणसं बसवली. नाव झालं ईसी-१२१. किनाऱ्याकिनाऱ्याने तासन् तास फिरायचं आणि ऐकत राहायचं.

आता थोडं थर्ड इयरचं. जमिनीचा गोलावा आड येतो म्हणून रेडिओ लहरी किती लांबून पकडता येतील ते उंचीवर ठरतं. किलोमीटरमधलं अंतर साधारण ४.१२ गुणिले मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ. ६० मीटरच्या टॉवरवरून ऐकाल तर जेमतेम ३२ किलोमीटर. आणि ७०,००० फुटांवरून, म्हणजे २१ किलोमीटरहून थोड्या जास्त उंचीवरून? ६०० किलोमीटर! शिवाय रडारचा पल्स विमानावर आपटून परत रडारपर्यंत यावा लागतो, ऐकणाऱ्याला मात्र तो नुसता पोचला तरी पुरे. त्यामुळे रडारला विमान दिसण्याआधीच विमानाला रडार ऐकू येतं. फ्रीक्वेन्सी, पल्स किती लांब, सेकंदाला किती, अँटेना किती वेळात फिरते एवढं टेपवर मिळालं, की ते रडार नुसतं टेहळणीचं की क्षेपणास्त्र सोडणारं, हे ओळखता येतं.

म्हणजे उंची हवी. १९५४ मध्ये केलीने ७०,००० फुटांवर जाणाऱ्या विमानाचा आराखडा हवाई दलापुढे ठेवला. त्यात त्याने चाकंसुद्धा ठेवली नव्हती, वजन वाचवायला! गाडीवरून उडायचं आणि पोटावर उतरायचं. हवाई दलाने नाकारलं. सीआयएला मात्र पटलं. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी हो म्हटलं आणि केलीने आठ महिन्यांत विमान देतो म्हणून शब्द दिला. गुप्तता इतकी, की सीआयएचे पहिले चेक टपालाने त्याच्या घरी आले. विमानाचं नाव यू-२. लांबलचक सडपातळ पंख, शेवटी लावलेली दोन चाकं सायकलसारखी एकामागे एक आणि सगळी शेपटी फक्त तीन बोल्टांवर. टेस्टिंगसाठी नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेकला जागा शोधली. तिथे कामाला माणसं यावीत म्हणून त्या ओसाड जागेला पॅराडाइज रँच म्हणायचं केलीने ठरवलं. आज जग तिला एरिया ५१ म्हणतं.

ऑगस्ट १९५५ मध्ये टोनी लव्हिएर या पायलटने यू-२ पहिल्यांदा हवेत नेलं. केलीचा हट्ट होता की पुढचं चाक आधी टेकवायचं. लव्हिएरचं मत उलटं. केलीच्या पद्धतीने विमान दर वेळी उड्या मारायला लागलं, शेवटी लव्हिएरने आपल्या पद्धतीने मागचं चाक आधी टेकवलं आणि ते उतरलं. हवा दिसणारा माणूससुद्धा चुकतो तर! आणि वर गेल्यावरही सुख नाही. त्या उंचीला विमान जरा हळू झालं की स्टॉल, जरा जोरात गेलं की थरथरून तुटायची भीती आणि दोन्हींत कधी कधी दहाच नॉटचा फरक. एकटा पायलट, प्रेशर सूट घालून, आठ-नऊ तास. खाली पोटात कॅमेरे आणि जोडीला रडारचे सिग्नल आपोआप टेप करणारे रिसीव्हर.

४ जुलै १९५६ ला यू-२ पहिल्यांदा सोव्हिएत संघावरून गेलं. अंदाज होता की एवढ्या उंचीवर त्यांचे रडार नीट पकडू शकणार नाहीत. पण त्यांनी पकडलं आणि १० तारखेला निषेधाचा खलिताही आला. विमान दिसत होतं, फक्त तिथवर पोचेल असं काही त्यांच्याकडे अजून नव्हतं. मग यू-२ रडारला दिसू नये म्हणून त्यावर तारा ताण, लहरी शोषणारा लेप लाव, असे प्रयोग झाले. त्या लेपाने विमानातली उष्णता आतच कोंडली. एप्रिल १९५७ मध्ये अशाच एका विमानाचं इंजिन वर बंद पडलं आणि रॉबर्ट सीकर हा लॉकहीडचा टेस्ट पायलट गेला. प्रयोगाच्या वहीत ही एक ओळ असते. मला ती ओलांडून पुढे वाचवेना.

१ मे १९६० ला जे व्हायचं ते झालं. स्वेर्दलोव्स्कजवळ क्षेपणास्त्राने गॅरी पॉवर्सचं यू-२ पाडलं. पॉवर्स जिवंत सापडला, खटला झाला, दहा वर्षांची शिक्षा. फेब्रुवारी १९६२ मध्ये बर्लिनजवळच्या पुलावर कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा तो सुटला. परत आल्यावर देशात अनेकांनी त्याला पाण्यात पाहिलं. मेला का नाहीस, असाच सूर. केलीने मात्र त्याला लॉकहीडमध्ये नोकरी दिली, यू-२ चाच टेस्ट पायलट म्हणून. केलीच्या सगळ्या विमानांपेक्षा मला ही एक गोष्ट जास्त आवडते.

यू-२ आपल्याकडेही येऊन गेलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर पंडित नेहरूंनी परवानगी दिली आणि मे १९६४ मध्ये ओडिशातल्या चारबतियाहून एक यू-२ चीनच्या सीमेकडे फोटो काढायला गेलं. तीनच दिवसांनी नेहरू गेले आणि काम थांबलं. त्याच वर्षाअखेरीस आणखी काही फेऱ्या झाल्या, बस्स. हे सगळं अधिकृतपणे बाहेर आलं २०१३ मध्ये.

नुसती उंची पुरत नाही, हे केलीला १९६० च्या आधीच कळलं होतं. मधल्या काळात त्याने द्रव हायड्रोजनवर चालणारं विमानही करून पाहिलं. हवाई दल पैसे ओतायला तयार होतं. पण पल्ला हवा तेवढा येणार नाही हे दिसल्यावर यानेच जाऊन सांगितलं की हे बंद करा. इलेक्ट्राच्या वेळी दुसऱ्यांचं डिझाइन होतं, या वेळी स्वतःचं. मग आलं ए-१२ आणि त्यातून एसआर-७१, जवळजवळ सगळं टायटॅनियमचं. गंमत म्हणजे ते टायटॅनियम आडमार्गाने सोव्हिएत संघाकडूनच घेतलेलं! उन्हाळ्यात वेल्ड केलेले भाग लवकर निकामी व्हायचे, हिवाळ्यात टिकायचे. शोधता शोधता कळलं की बरबँकच्या नळाच्या पाण्यात उन्हाळ्यात क्लोरीन जास्त टाकतात आणि त्याच पाण्याने भाग धुतले जातायत.

एवढा वेग, एवढी उंची झाली, तरी जुनी कॉन्स्टेलेशन ऐकत फिरतच होती. १५ एप्रिल १९६९. जपानमधल्या अत्सुगीहून नौदलाचं ईसी-१२१ निघालं. आत ३१ जण. उत्तर कोरियाच्या किनाऱ्यापासून बरंच दूर, आंतरराष्ट्रीय हद्दीत, सोबतीला एकही फायटर नाही. मिग-२१ आली आणि तिने ते पाडलं. ३१ पैकी एकही वाचला नाही, हाती लागले ते दोन मृतदेह. पिस्टन इंजिनांचं, संथ, प्रवासी नेण्यासाठी जन्माला आलेलं विमान ते. दोष केलीचा नाही, त्याने ते या कामाला बनवलंच नव्हतं. पण ३१ माणसं हेडफोन लावून बसवायची असतील तर एवढी जागा असलेलं विमान लागतं आणि एवढी जागा असलेलं विमान ७०,००० फुटांवर जात नाही. हे गणित कोणीतरी सोडवायला हवं होतं.

ते थोडंफार सुटलं केलीच्याच दुसऱ्या विमानावर. मोठं केलेलं यू-२आर १९६७ मध्ये उडालं होतं. त्याच्या पंखांवर नंतर लांबट पॉड बसवले, आत अँटेना आणि रिसीव्हर. पकडलेलं सगळं डेटा लिंकने खाली जमिनीवर. कान वर आणि ऐकणारी माणसं खाली खुर्चीत, विमानात पायलट एकटाच. आपल्या कम्युनिकेशनच्या पेपरात जे रिले रिले म्हणतो ना, तेच. ईसी-१२१ हळूहळू निवृत्त झाली.

केली १९७५ मध्ये निवृत्त झाला. बायको अल्थिया १९६९ मध्येच गेली होती, दुसरी मेरीएलन १९८० मध्ये. नंतर त्याने तिसरं लग्न केलं, १९८५ मध्ये आत्मचरित्र आलं. शेवटची काही वर्षं आजारपणात गेली आणि २१ डिसेंबर १९९० ला बरबँकमध्ये, स्कंक वर्क्स जिथे सुरू झाली त्याच गावात, तो वारला. त्या वर्षी हवाई दलाने एसआर-७१ निवृत्त केलं होतं. यू-२ मात्र कामावर होतं. केली गेला त्या आठवड्यात सौदी अरेबियातल्या ताइफच्या तळावरून ते इराकच्या सीमेलगत फेऱ्या मारत होतं. वर एकटा पायलट आणि ऐकणारे सगळे खाली जमिनीवर.